मेडिकल बोर्डावर घरी आलेल्या फौजीची नाकारलेली पेन्शन: केस पुन्हा उघडता येते का?

शिल्पा_खटाव

मंडळी, फौजेच्या पेन्शनचं कळणारे इथे बरेच जण आहेत म्हणून विचारते. जरा लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, १९८९ ला पायदळात भरती झाले. १९९४ च्या हिवाळ्यात पूंछ भागात रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांना पहिल्यांदा फिट आली. युनिटच्या डॉक्टरांनी बघितलं, आराम दिला आणि पुन्हा ड्यूटीवर घेतलं. पुढे पलटण पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणी आली. तिथे परत फिट आली तेव्हा मात्र मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल केलं, मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि १९९६ ला बोर्ड आउट होऊन, म्हणजे मेडिकल बोर्डाने अयोग्य ठरवल्यामुळे, घरी आले. बोर्डाने अपंगत्व ३० टक्के लिहिलं, पण शेरा असा मारला की आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. दहा वर्षं भरली नव्हती म्हणून थोडीफार ग्रॅच्युइटी हातात पडली, पेन्शन काही बसली नाही. नंतर नकाराचं पत्र आलं, इंग्रजीत. सहा महिन्यांत अपील करा असं त्यात लिहिलेलं होतं हे आम्हाला आत्ता कळतंय. तेव्हा घरात ते वाचणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर तात्यांना धड नोकरी टिकली नाही. रात्रपाळीचा वॉचमन म्हणून लागले, ड्यूटीवर फिट आली, दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हणून सांगितलं. लायसन्सच्या फॉर्मवरच मिरगीचा प्रश्न असतो, त्यामुळे गाडी चालवण्याचं कामही नाही. विहिरीकडे एकटं सोडत नाही आम्ही. काकीने शिवणकामावर दोन पोरं वाढवली.

तर प्रश्न दोन. इतक्या वर्षांनी केस उघडते का? आणि माणूस कामच करू शकत नाही, या मुद्द्यावर वेगळी पेन्शन असते का?

तालुक्याला एक एजंट भेटलाय. म्हणतो, जी थकबाकी मिळेल तिचे तीस टक्के माझे, बाकी काळजी करू नका. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मागतोय.

माणदेशी_गडी

कोऱ्या कागदावर सही अजिबात देऊ नका ताई. बाकी जाणकार बोलतील. आमच्या भावकीतलाही एक असाच घरी आलाय, त्यामुळे बसलोय वाचत.

निवृत्त_सुभेदार

शिल्पाताई, मी रेकॉर्डच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. वकील, एजंट, अर्ज हे सगळं नंतर. आधी कागद.

तात्यांची ट्रंक उघडा. त्यात डिस्चार्ज बुक असेल. त्यात 'कॉज ऑफ डिस्चार्ज' समोर काय लिहिलंय ते शब्दाला शब्द उतरवून इथे टाका. आर्मी रूल १३(३) मधलं कलम तीनचं उपकलम तीन असेल, म्हणजे पुढच्या सेवेसाठी वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य, तर ते सरळ बोर्ड आउट. काही जवानांच्या बुकात 'स्वतःच्या विनंतीवरून' असं निघतं आणि घरच्यांना तीस वर्षं पत्ता नसतो. अशी केस वेगळ्या वाटेने जाते.

दुसरं ते नकारपत्र. ते सापडलं तर सोनं समजा.

तिसरं बोर्डाची कार्यवाही, फॉर्म एएफएमएसएफ-१६. सगळी लढाई याच फॉर्मवर होते. पहिल्या भागात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं: कुठे कुठे पोस्टिंग झालं, फील्ड की पीस, आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे जाणवला, उपचार कुठे घेतले. तात्यांनी तिथे पूंछची रात्र सांगितली असेल तर ती त्यांच्याच सहीनिशी कागदावर आहे. पुढच्या भागात बोर्डाचं मत, टक्केवारी, किती वर्षांसाठी, आणि कारणं. बऱ्याच जुन्या फॉर्मवर कारणांच्या जागी एक ओळ असते, नाहीतर नुसती आडवी रेघ.

हा फॉर्म रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मागवा, फी १० रुपये. अर्ज तात्यांच्याच नावाने आणि सहीने जाऊ द्या. तुमच्या नावाने गेला तर तिसऱ्या व्यक्तीची माहिती म्हणून परत येईल. सोबत ओळखपत्राची प्रत जोडा, सर्व्हिस नंबर ठळक लिहा.

आता नको असलेली गोष्ट. ज्यांना पेन्शन नाही अशा जवानांची सर्व्हिस कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, नियमच तसा आहे. तुमचे १९९६ चे म्हणजे मुदत २०२१ ला संपली. लाँग रोल, म्हणजे जवानांच्या नोंदीचं रजिस्टर, मात्र कायम ठेवतात. म्हणून अर्जात दोन्ही मागा: बोर्डाची कार्यवाही, आणि ती नसल्यास लाँग रोलचा उतारा. शिवाय कागद नष्ट केले असतील तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रतही मागा.

शिल्पा_खटाव

साहेब, खूप आभार. ट्रंक आजच काढते. माळ्यावर आहे.

टिळकरोडकर

थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नये. डिसेबिलिटी पेन्शन हा प्रकार हल्ली जरा सैल झालाय असं वाटतं. शुगर, बीपी, वजन वाढलेलं, सगळं 'सर्व्हिसमुळे'. कॅगच्या २०२३ च्या अहवालातही यावर बोट ठेवलंय, आणि जवानांपेक्षा अधिकाऱ्यांचं प्रमाण कितीतरी जास्त दिसलं त्यात. करदात्यांचा पैसा आहे. तात्यांची केस वेगळी असेल, पण सरसकट प्रत्येक आजार फौजेच्या माथी मारणं कितपत योग्य?

माणदेशी_गडी

आले का पुण्यातून. टिळक रोडवर बसून पूंछच्या पहाऱ्याचा हिशोब.

टिळकरोडकर

मी कुणाचा अपमान केलेला नाही. प्रश्न धोरणाचा आहे.

कऱ्हाडचा_वकील

धाग्याचा काश्मीर करू नका रे, आधीच विषय फौजेचा आहे.

टिळकरोडकर, कॅगचा मुद्दा खोटा नाही. पण तो अहवाल मुख्यतः पूर्ण नोकरी करून, पूर्ण पेन्शनसह निवृत्त झालेल्यांबद्दल आहे. शिल्पाताईंचे तात्या सात वर्षांत, पंचविशी-तिशीत, पेन्शनशिवाय बाहेर फेकले गेलेले. या दोघांना एका तराजूत घालता येणार नाही. माझी अडचण अशी आहे की सैल हाताचा फायदा ज्यांना कागद वाचता येतात त्यांना मिळतो आणि कडक हात शिपायाच्या वाट्याला येतो.

आता केसबद्दल. मी सशस्त्र दल न्यायाधिकरणासमोर काम करतो, पण कुणाचं वकीलपत्र मागायला इथे आलेलो नाही, त्यामुळे व्यनि (खासगी निरोप) करू नका. जे आहे ते सगळ्यांसमोर.

१९६१ च्या पेन्शन नियमावलीचा नियम १७३ आणि १९८२ चे एंटायटलमेंट नियम तात्यांना लागू होतात. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत, त्यांत बरंच बदललंय, पण ते १९९६ ला बाहेर पडलेल्या माणसाला लागत नाहीत. एजंट मंडळी नव्या नियमांची भीती घालतात म्हणून आधीच सांगून ठेवतो.

१९८२ च्या नियमांचा गाभा असा: भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं, आणि पुढे तब्येत बिघडली तर ती नोकरीमुळे बिघडली असं मानायचं. तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात हे इतकं स्वच्छ मांडलं की त्यानंतरचा जवळपास प्रत्येक निकाल त्यावर उभा आहे. आणि गंमत म्हणजे धरमवीर सिंग यांचा आजारही झटक्यांचाच होता. सिग्नल कोअरमध्ये १९८५ ला भरती, नऊएक वर्षांनी बाहेर, अपंगत्व २० टक्के, पेन्शन शून्य. न्यायालय म्हणालं की आजार भरतीच्या वेळी का सापडला नाही आणि नोकरीशी संबंध का नाही याची कारणं बोर्डाने द्यायला हवीत. 'घटनात्मक आजार', म्हणजे शरीराच्या घडणीतलाच, एवढं लिहून भागत नाही.

त्याहून जवळची केस हवी असेल तर एप्रिल २०२५ चा बिजेंदर सिंग निकाल वाचा. सियाचिनमध्ये तैनातीवर असताना झटके, १९८९ ला बाहेर, आणि निकाल बाजूने लागला २०२५ मध्ये. म्हणजे 'फार उशीर झाला' हे वाक्य मनातून काढून टाका.

उशिराचंच सांगतो. पेन्शनचा नकार हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानतात, त्यामुळे मुदतीच्या कारणाने केस सहसा मरत नाही. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. १९९६ पासूनची रक्कम डोक्यात धरून कर्ज काढू नका. एजंट लोक लाखांचा आकडा दाखवतात तो याच गैरसमजावर.

वाट अशी: आधी रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिलं अपील, सोबत विलंब माफीची विनंती आणि विलंबाचं खरं कारण. पहिल्या अपिलाच्या समितीने नाकारलं तर दुसऱ्या अपिलाची समिती असते. सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही तर थेट सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं. जुन्या केसला 'मुदतबाह्य' असं एका ओळीचं उत्तर येतं बहुतेक. येऊ द्या. ते उत्तर हीच पुढची पायरी.

डॉ_मिरजकर

डॉक्टर म्हणून दोन शब्द. मिरगीचा पहिला झटका कधी आला हे महत्त्वाचं, आणि ते ठरतं तेव्हाच्या नोंदीवरून, आजच्या एमआरआयवरून नाही. झोप मोडणं, अतिथंडी, उंची, ताण यांनी झटका ओढवू शकतो हे वैद्यकशास्त्राला नवं नाही. 'आजार पीस स्टेशनला सुरू झाला' असं बोर्डाने लिहिलं असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'पीस स्टेशनला दाखल केलं' एवढाच असतो. फील्डमधल्या आरएमओच्या, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरच्या, खोलीतली तपासणी हॉस्पिटलच्या केस शीटमध्ये उतरेलच असं नाही.

आत्ता एक करा. गेल्या काही वर्षांच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सरकारी दवाखान्याचे केसपेपर, फिट आल्यावर पडून टाके पडले असतील तर ती नोंद, असं सगळं तारखेने लावून ठेवा. खासगी डॉक्टरकडून 'नोकरीमुळेच आजार झाला' असं भारदस्त प्रमाणपत्र विकत घेऊ नका. त्याला न्यायाधिकरणात फारशी किंमत नाही, कारण ते आजची स्थिती बघायला मिलिटरी हॉस्पिटलच्याच रि-सर्व्हे बोर्डाकडे पाठवतात. त्या बोर्डासमोर मात्र उपचार सलग चालू आहेत हे दाखवणारे कागद लागतात. आणि गोळ्या बंद करून जाऊ नका! 'जास्त आजारी दिसेन' म्हणून असं करणारे पेशंट मी पाहिलेत. फार धोक्याचं आहे.

डॅलसकर

शिल्पा, तुमचा दुसरा प्रश्न वाचून लिहितोय. आमचा जावई इथल्या आर्मीत होता, पाठीच्या आणि कानाच्या दुखण्यावर बाहेर पडला. त्याची फाइल आम्हीच भरली म्हणून थोडं माहीत आहे.

अमेरिकेत 'काम करू शकत नाही' याला खरोखर वेगळा दर आहे. एका दुखण्याचं रेटिंग ६० टक्के असेल, किंवा एकत्रित ७० टक्के आणि त्यातलं एक किमान ४० चं असेल, आणि सेवेतल्या दुखण्यामुळे पोटापुरती नियमित नोकरी टिकत नसेल, तर रेटिंग कमी असूनही १०० टक्क्यांच्या दराने पैसे देतात. फॉर्म २१-८९४० भरायचा. त्यात शिक्षण, शेवटच्या नोकऱ्या, का सुटल्या, सगळं. जुन्या मालकाकडूनही वेगळा फॉर्म भरून घेतात. वय मोजत नाहीत, म्हणजे 'आता म्हातारा झालास म्हणून काम मिळत नाही' असं म्हणून नाकारता येत नाही. टक्के बसत नसले तरी खास बाब म्हणून वर पाठवायची सोय आहे.

नाकारलेली केस उघडायलाही फेब्रुवारी २०१९ पासून तीन दारं आहेत: नवा आणि संबंधित पुरावा देऊन पुरवणी दावा, त्याच कागदांवर वरिष्ठाकडून फेरतपासणी, किंवा तिथल्या अपील बोर्डाकडे दाद. वर्षाच्या आत काही ना काही केलं तर मूळ तारीख टिकते, त्यामुळे थकबाकी मोठी असते. आणि पहिल्या अर्जासाठी वकिलाला फी घेताच येत नाही, ते काम माजी सैनिकांच्या मान्यताप्राप्त संस्था फुकट करतात. आमचं त्यांनीच केलं.

भारतात असं काही नाही का?

कऱ्हाडचा_वकील

डॅलसकर, छान माहिती. इथे असं सरळ कलम नाही. आपल्याकडे टक्का बोलतो, नोकरी मिळाली की नाही हे कुणी विचारत नाही. १०० टक्के अपंग आणि दुसऱ्याच्या आधाराशिवाय जगता येत नसेल तर सोबत्याचा भत्ता आहे, सातव्या वेतन आयोगाने महिना ६,७५० रुपये ठरवलेला, महागाई भत्ता वाढला की तोही वाढतो. पण तो ३० टक्केवाल्याला नाही.

'काम करू शकत नाही' हा मुद्दा आपल्याकडे येतो, पण उलट्या बाजूने. ऐका.

तात्यांसारखे, ज्यांचा आजार नोकरीशी संबंधित नाही असं ठरवून दहा वर्षांच्या आत घरी पाठवलं, त्यांना इनव्हॅलिड पेन्शन (आजारामुळे सेवेला अयोग्य ठरलेल्याची पेन्शन) मिळत नसे, फक्त ग्रॅच्युइटी. १६ जुलै २०२० ला संरक्षण मंत्रालयाने पत्र काढलं की दहा वर्षं भरली नसली तरी इनव्हॅलिड पेन्शन देऊ. लोक खूश. मग बारीक अक्षरं वाचली. अट एक: ४ जानेवारी २०१९ ला किंवा नंतर नोकरीत असलेल्यांनाच. अट दोन: माणूस लष्करी सेवेसाठी तर कायमचा असमर्थ हवाच, शिवाय नागरी नोकरीसाठीही कायमचा असमर्थ हवा.

म्हणजे बघा, बोर्ड म्हणणार की बाबा, तू बंदूक धरू शकत नाहीस, पण बाहेर कुठेतरी टेबलाशी बसू शकतोस. ते टेबल कुणाच्या घरचं? सातवी-दहावी शिकलेल्या, फिट येणाऱ्या पोराला कोण बसवणार? मार्च २०२२ मध्ये न्यायाधिकरणाच्या लखनौ खंडपीठाने छोटेलाल प्रकरणात या दोन्ही अटी टिकण्यासारख्या नाहीत असं म्हटलं. त्यामुळे मी अर्जात नेहमी दोन मागण्या टाकतो: मुख्य मागणी डिसेबिलिटी पेन्शन, आणि ती नाही तर पर्यायी मागणी इनव्हॅलिड पेन्शन. तात्यांच्या नोकऱ्या का सुटल्या याचा काही लेखी पुरावा असेल, जुन्या मालकाची चिठ्ठी, हजेरीपट, तर या दुसऱ्या मागणीला त्याचा उपयोग. मुख्य मागणीला त्याची गरज नाही. तिथे फक्त बोर्ड आणि नियम.

फौजीची_सून

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न थोडा वेगळा. सासऱ्यांना सिझोफ्रेनिया म्हणून तीन वर्षांतच घरी पाठवलं होतं. तेही बसतात का यात? घरातले म्हणतात मानसिक आजाराला मिळतच नाही.

कऱ्हाडचा_वकील

ताई, 'मिळतच नाही' हे खरं नाही आणि 'नक्की मिळेल' असंही मी सांगणार नाही. वीर पाल सिंग प्रकरणात, तेही २ जुलै २०१३ चं, सर्वोच्च न्यायालयाने सिझोफ्रेनियाच्या जवानासाठी नवा रिव्ह्यू मेडिकल बोर्ड बसवायला लावला. पण ऑक्टोबर २०१९ च्या नरसिंग यादव निकालात न्यायालय उलट बाजूने गेलं. तिथे म्हटलं की असा आजार भरतीच्या साध्या तपासणीत दिसणं शक्यच नसतं, त्यामुळे तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावरून तो नोकरीमुळे झाला असं धरता येणार नाही. सरकारी वकील तोच निकाल पुढे करणार. तुमच्या केसमध्ये पोस्टिंग कुठे होतं, बोर्डाने कारण काय लिहिलं, घरात आधी कुणाला हा आजार होता असं नोंदलंय का, यावर सगळं फिरेल. फॉर्म हाती येईपर्यंत कुणालाही पैसे देऊ नका, मलाही.

पणजीचो_पाव

सुट्टीवर घरी आलेला असताना मोटारसायकलवरून पडून पाय गेला तर? मित्राचं आहे.

निवृत्त_सुभेदार

सुट्टी म्हणजे ड्यूटी असं बरेच जण समजतात. डिसेबिलिटीसाठी तेवढं पुरत नाही, अपघाताचा फौजी कामाशी संबंध दाखवावा लागतो. २०११ च्या जुझार सिंग निकालात सुट्टीतल्या अपघाताचा दावा याच कारणाने गेला. घरून पलटणीकडे परत जाताना अपघात झाला असेल तर गोष्ट वेगळी. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली होती का आणि इंज्युरी रिपोर्टवर 'ड्यूटीवर' लिहिलंय का ते बघायला सांगा.

मित्राला पेन्शन बसो न बसो, पायाचं मनावर घ्यायला सांगा. पुण्याला कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. आणि खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९१७ पासून अपंग जवानांना हाताला धंदा शिकवतात. आमच्या वेळी तिथे शिकून गेलेली पोरं गावात स्वतःच्या पायावर उभी राहिलेली पाहिलीत मी.

बेळगावी_कुंदा

माझ्या वडिलांचं सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. १९९८ ला पूर्ण नोकरी करून बाहेर आले. बोर्डाने कानाच्या दुखण्याला '३० टक्के, नोकरीमुळे वाढलेलं' असं स्वच्छ लिहिलं होतं. तरी पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाने कागदावर बसूनच ते फिरवलं आणि डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, नाकारला. वडिलांना तपासलंही नाही कुणी. आम्ही समजत होतो की डॉक्टरांनीच नाकारलं. माहिती अधिकारात फॉर्म आला तेव्हा डोळे उघडले.

कऱ्हाडचा_वकील

बेळगावी, तुमची केस तर सगळ्यात सोपी. त्या काळी हे सर्रास चालायचं. प्रत्यक्ष तपासणाऱ्या बोर्डाचं मत हिशेब खात्याने तपासणी न करता डावलू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सॅपर मोहिंदर सिंग प्रकरणात १९९३ लाच सांगितलंय.

शिवाय ३० चे ५० करून मागायला विसरू नका. नियम असा: ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्यावर १००. आधी हे फक्त बोर्ड आउट झालेल्यांना होतं, १ जानेवारी १९९६ पासून. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही ते लागतं हे डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने ठरलं. पण आपोआप कुणी करत नाही, मागावं लागतं. फरक छोटा नाही. शेवटचा पगार समजा ४०,००० धरला, तर १०० टक्क्यांना त्याचे ३० टक्के म्हणजे १२,००० चा डिसेबिलिटी एलिमेंट. ३० टक्के अपंगत्वाला ३,६०० आणि ५० ला ६,०००. वर महागाई.

टिळकरोडकर

हा जो कागदावर बसून शेरा फिरवण्याचा प्रकार आहे तो मला माहीत नव्हता. हे चूकच आहे. पण मग सरकार अशा प्रत्येक केसमध्ये वर अपील का करतं? वकिलांच्या फीवर जाणारा पैसाही करदात्यांचाच ना.

कऱ्हाडचा_वकील

आता बोललात मुद्द्याचं! मनोहर पर्रीकर संरक्षण मंत्री असताना त्यांनी २०१५ मध्ये नेमका याच प्रश्नावर तज्ज्ञांची समिती बसवली होती. त्या समितीने डिसेबिलिटीच्या प्रकरणांतली अपिलं बंद करा, चालू आहेत ती मागे घ्या असं सुचवलं. पुढे काय झालं ते दिसतंच आहे. २०२३ च्या परशोतम दास निकालानंतर न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याचं दार पुन्हा उघडलं. ते जवानालाही उघडलं आणि सरकारलाही. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या अशा याचिकांचा मोठा गठ्ठा एकाच निकालात फेटाळला.

अवांतर फार झालं. शिल्पाताई, ट्रंकेचं काय झालं?

शिल्पा_खटाव

मंडळी, लगेच कळवता आलं नाही, ऊसतोड चालू होती.

ट्रंकेत डिस्चार्ज बुक सापडलं. सुभेदार साहेबांनी सांगितलं तेच कलम आहे, तीनचं तीन. नकारपत्रही सापडलं, एका घडीवर फाटलंय पण वाचता येतं. त्यात लिहिलंय की आजार घटनात्मक स्वरूपाचा असून सेवेशी संबंध नाही, पीस स्टेशनला सुरू झाला. त्याखाली ३० टक्के, दोन वर्षांसाठी.

माहिती अधिकाराचं उत्तर परवा आलं. बोर्डाची कार्यवाही मुदत संपल्याने नष्ट केली असं म्हणतात. लाँग रोलचा उतारा मात्र दिलाय, त्यात भरतीची तारीख, बाहेर पडल्याची तारीख आणि 'इनव्हॅलिडेड आउट' असं आहे. नष्ट केल्याच्या नोंदीबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

मी तर हातपायच गाळले ते वाचून. संपलं का सगळं?

निवृत्त_सुभेदार

कशाचं संपलं! लाँग रोलवर इनव्हॅलिडेड आउट आहे, टक्के नकारपत्रात आहेत, नाकारण्याचं कारणही त्यांच्याच लेटरहेडवर आहे. अजून काय हवं? नष्ट केल्याच्या नोंदीसाठी माहिती अधिकारातलं पहिलं अपील टाका, तीस दिवसांच्या आत. पेन्शनचं अपील मात्र याची वाट बघत थांबवू नका. दोन्ही समांतर.

अजून एक. पलटणीत तेव्हा तात्यांबरोबर असलेले कुणी आहेत का हयात? त्या रात्री पहाऱ्यावर सोबत कोण होतं? शपथपत्र घ्या. साताऱ्याकडच्या पलटणींत एका गावचे पाच-पाच जण सापडतात.

शिल्पा_खटाव

तात्या म्हणतात शेजारच्या गावचे एक हवालदार होते, आता मुलाकडे कोल्हापूरला असतात. फोन लावते.

कऱ्हाडचा_वकील

मस्त. मूळ फॉर्म नसला तरी नकारपत्रातला मजकूर हाच बोर्डाचा मजकूर म्हणून वाचला जाईल. आणि 'घटनात्मक, पीस स्टेशनला सुरू' याखेरीज त्यात कारण नसेल तर धरमवीर सिंगच्या शब्दांत ते कारणच नव्हे. दोन वर्षांसाठीचं रेटिंग असल्यामुळे न्यायाधिकरण बहुधा रि-सर्व्हे बोर्ड बसवायला सांगेल. तेव्हा डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली फाइल लागेल.

रेकॉर्ड ऑफिस कुठल्याही राज्यात असो, निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करता येतो. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातला मुंबई. बेळगावकरांनी मात्र कर्नाटक ज्या खंडपीठाकडे येतं ते बघावं.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. २६ जुलै २०२५ पासून नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) वीर परिवार सहायता योजना आहे, सैनिक बोर्डांमध्ये मोफत कायदा सल्ल्याची केंद्रं काढायची अशी. तुमच्या जिल्ह्यात ते केंद्र चालू आहे का आणि कुठल्या दिवशी वकील बसतात हे फोन करून विचारून मगच जा. एजंटला मात्र नमस्कार.

माणदेशी_गडी

एजंटला आमच्याकडे पाठवा, चहा पाजतो.

शिल्पा_खटाव

हवालदार मामा बोलले फोनवर! त्यांना ती रात्र आठवते, तात्यांना स्ट्रेचरवर खाली आणणाऱ्यांत ते होते. शपथपत्र देतो म्हणाले. रविवारी कोल्हापूरला जाणार आहे.

शेवटचा प्रश्न. गोळ्यांमुळे तात्यांचा हात थरथरतो, सही दर वेळी वेगळी येते. डिस्चार्ज बुकातली सही तर ओळखूच येत नाही आता. अपिलावर अंगठा चालेल का? आणि अपील मराठीत लिहिलं तर?

कऱ्हाडचा_वकील

अंगठा चालेल. डाव्या हाताचा घ्या, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या नाव-पत्त्यासह, आणि 'मजकूर वाचून दाखवला, समजला' अशी ओळ. यापुढे प्रत्येक कागदावर अंगठाच घ्या, एकावर सही एकावर अंगठा असं नको. आधार आणि बँकेतही तसंच करून ठेवा, नाहीतर उद्या स्पर्शवर, म्हणजे पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर, नाव चढवताना अडेल.

अपील इंग्रजी किंवा हिंदीत द्या. मसुदा इथे टाका, नाव आणि नंबर खोडून. बघतो.